खानदेशच्या काळ्या जमिनीतील फेज विषाणूंची जनुकीय विविधता कशी अभ्यासावी

जीवाणूंना संसर्ग करणाऱ्या विषाणूंचा, म्हणजे बॅक्टेरिओफेजचा, मातीतला शोध गेल्या काही वर्षांत ज्या जमिनींनी पुढे नेला, त्यांत थंड प्रदेशांतील पीट जमिनींचा वाटा मोठा आहे. पीट म्हणजे पाण्याखाली, प्राणवायूविना, अर्धवट कुजत साठत गेलेल्या वनस्पतींचा थर. अशा जमिनी पृथ्वीच्या भूभागाच्या जेमतेम ३ टक्के आहेत, पण मातीतल्या एकूण सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे एक-तृतीयांश कार्बन त्यांनी धरून ठेवलेला आहे. म्हणूनच त्या कार्बनवर जगणारे जीवाणू कोण आणि त्या जीवाणूंना मारणारे विषाणू कोण, हा प्रश्न संशोधकांना महत्त्वाचा वाटला. स्वीडनच्या उत्तरेकडील स्टोर्डालेन दलदलीच्या मातीतून २०१८ साली १,९०७ वेगवेगळ्या विषाणू-समूहांचे जनुकक्रम प्रसिद्ध झाले आणि मातीतील विषाणूंचे जग किती अपरिचित आहे हे एकदम समोर आले.

खानदेशात पीट नाही. येथे बेसाल्टपासून तयार झालेली भारी काळी जमीन आहे, तापी-पूर्णेच्या काठचा खोल गाळ आहे, सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड माती आहे. तरीही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना या कामातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र पीटसाठी ठरलेली कृती जशीच्या तशी उचलून रावेरच्या केळीबागेतील मातीवर वापरता येत नाही. मातीत किती प्रकारचे फेज आहेत याचा जो आकडा शेवटी हाती येतो, तो मातीइतकाच आपण वापरलेला बफर (म्हणजे सामू, अर्थात पीएच, स्थिर ठेवणारे द्रावण), गाळणी आणि डीएनए वाढवण्याची, म्हणजे त्याच्या प्रती करण्याची, पद्धत यांवरही अवलंबून असतो. त्यामुळे पुढील मार्गदर्शनात जनुकक्रम वाचण्यापूर्वीच्या कामाला मी मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

जागा आणि वेळ ठरवणे

प्रथम प्रश्न नेमका करावा. 'खानदेशातील मातीत कोणते फेज आहेत' हा प्रश्न एका प्रकल्पाच्या आवाक्याबाहेरचा आहे. 'ठिबकवर बारमाही ओलसर राहणाऱ्या केळीबागेतील आणि शेजारच्या कोरडवाहू कापसाच्या शेतातील फेज समूह वेगळे आहेत काय' हा प्रश्न मात्र उत्तर देता येण्याजोगा आहे. दोन्ही शेते एकाच शिवारातील, एकाच खोलीच्या मातीची निवडली, तर फरक पिकाचा आणि पाण्याचा आहे असे म्हणायला आधार मिळतो. पीटशी तुलना करायची असेल तर हतनूर जलाशयाच्या काठासारखी पाणथळ जागा तिसरी म्हणून घ्यावी, कारण प्राणवायूचा अभाव हा पीटमधील एक मुख्य घटक आपल्याकडे तिथेच काही प्रमाणात भेटतो.

वेळेचा विचार जागेइतकाच करावा. मे महिन्यात काळ्या जमिनीला खोल भेगा पडलेल्या असतात आणि वरचा थर तापून वाळलेला असतो. पहिला पाऊस पडला की निपचित जीवाणू झपाट्याने वाढू लागतात आणि त्यांच्या मागोमाग फेजही वाढतात. कोरडी माती भिजल्यानंतर विषाणूंचा समूह काही दिवसांतच बदलतो हे कॅलिफोर्नियातील गवताळ जमिनींवरील प्रयोगांत दिसले आहे. त्यामुळे एक नमुना मृगापूर्वीचा आणि दुसरा आठवड्याभराच्या पावसानंतरचा असेल, तर त्या दोघांतील फरकाला पिकाचा फरक म्हणणे चुकीचे ठरेल. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतील लागवडींची तुलना करतानाही लागवडीपासूनचे वय आणि नमुन्याचा महिना या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात.

प्रत्येक शेतातून किमान तीन, शक्यतो पाच ठिकाणची माती घ्यावी आणि ती एकत्र मिसळू नये. खतासाठी माती परीक्षण करताना आपण अनेक ठिकाणची माती एकत्र करून सरासरी नमुना काढतो. इथे ती सवय बाजूला ठेवावी लागते. मातीतील विषाणू समूह काही मीटर अंतरावरही बदलतो आणि शेतातल्या शेतात किती फरक आहे हे कळल्याशिवाय दोन शेतांतील फरकाला अर्थ येत नाही. वरचा पालापाचोळा दूर करून ० ते १५ सेंटिमीटर थरातील माती निर्जंतुक खुरप्याने घ्यावी. केळीबागेत ठिबकच्या नळीपासूनचे आणि खोडापासूनचे अंतर सर्व ठिकाणी सारखे ठेवावे, कारण नळीखालची माती आणि दोन ओळींमधील माती ही व्यवहारात दोन वेगळी वातावरणे आहेत.

माती वाळवू नये आणि उन्हात राहू देऊ नये. बर्फ भरलेल्या डब्यातून ती प्रयोगशाळेत आणून ४ अंश सेल्सिअसला ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विषाणू वेगळे करण्याचे काम सुरू करावे. त्याच मातीचा वेगळा भाग सामू, ओलावा, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुनखडी आणि क्षारता यांच्या तपासणीसाठी द्यावा. शेताच्या मालकाची संमती घ्यावी. यावल अभयारण्यातील किंवा इतर राखीव वनातील माती हवी असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी मिळवावी.

मातीपासून विषाणू सोडवणे

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. फेजचे कण बहुतेक वेळा मातीच्या कणांना चिकटलेले असतात आणि ते सुटले नाहीत तर पुढचे सगळे काम सुटलेल्या थोड्या कणांवरच होते.

पीटची माती आम्लधर्मी असते आणि तिच्यातील अडथळा मुख्यतः सेंद्रिय पदार्थांचा असतो. ह्युमिक आम्ले अर्कात उतरून तो तपकिरी करतात आणि पुढे डीएनएवरील विकरांचे काम अडवतात. आपल्या काळ्या जमिनीत परिस्थिती जवळजवळ उलट आहे. तिचा सामू साधारण ७.५ ते ८.५ असतो, चुनखडी भरपूर असते आणि स्मेक्टाइट गटातील फुगणारी चिकणमाती मोठ्या प्रमाणात असते. रंग काळा म्हणजे सेंद्रिय द्रव्य भरपूर, हा समज शेतकऱ्यांइतकाच विद्यार्थ्यांतही आढळतो, पण या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्यापेक्षाही कमी असतो. येथे फेजला धरून ठेवते ती चिकणमाती आणि कॅल्शियम. अल्कधर्मी सामूला बहुतेक फेजवर ऋण भार असतो, चिकणमातीच्या पापुद्र्यांवरही ऋण भार असतो, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियमचे धन आयन त्या दोघांना जोडणारा दुवा बनतात.

म्हणून अर्कासाठी असा बफर हवा जो कॅल्शियमला बांधून घेईल. १ टक्का पोटॅशियम सायट्रेटचे द्रावण, सामू ७ च्या आसपास, ही चांगली सुरुवात आहे. पीटसाठी याच द्रावणात फॉस्फेट बफर आणि मॅग्नेशियम सल्फेट घालून केलेला सुधारित प्रकार वापरला जातो, तो चुनखडीच्या मातीत सावधपणे तपासावा, कारण फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसू शकतो आणि त्या साक्याबरोबर विषाणूही खाली जाऊ शकतात. तिसरा पर्याय म्हणून बीफ एक्स्ट्रॅक्टसारखी प्रथिने घातलेला बफर घ्यावा. प्रथिने चिकटण्याच्या जागा व्यापतात आणि फेज सुटतात. तिन्ही द्रावणे एकाच मातीवर शेजारी-शेजारी वापरून पाहावीत. यात जाणारा आठवडा पुढच्या कित्येक महिन्यांच्या कामाला आधार देतो, हे मी आग्रहाने सांगतो.

प्रत्यक्ष कृती अशी. १० ग्रॅम ओली माती ५० मिलिलिटरच्या नळीत घेऊन तिच्यात ३० मिलिलिटर थंड द्रावण घालावे. गुठळ्या फुटेपर्यंत हलवून नळी बर्फात आडवी ठेवावी आणि १५ मिनिटे शेकरवर फिरवावी. नंतर सेंट्रिफ्यूजमध्ये सुमारे ५,००० जी वेगाने, ४ अंश तापमानाला, २० मिनिटे फिरवून वरचे द्रावण काढून घ्यावे. त्याच मातीवर ही क्रिया आणखी दोनदा करावी. तिन्ही वेळचे द्रावण एकत्र केले तर उतारा बराच वाढतो. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण एका फेरीत बसत नाहीत आणि द्रावण गढूळ राहते. अशा वेळी एकत्र केलेले द्रावण अधिक वेगाने, १०,००० जीच्या आसपास, पुन्हा फिरवावे आणि आधी ०.४५ मायक्रॉनच्या व मग ०.२२ मायक्रॉनच्या पॉलिइथरसल्फोन गाळणीतून गाळावे. नायट्रोसेल्युलोजची गाळणी प्रथिने धरून ठेवते, म्हणून ती टाळावी.

०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून जीवाणू अडतात, पण २ लाखांहून अधिक बेसजोड्यांचा (बेसजोडी हे डीएनएच्या लांबीचे एकक) जनुकसंच असलेले मोठे 'जंबो' फेजही अनेकदा अडतात. आपल्या निष्कर्षांत मोठे फेज दिसले नाहीत तर ते मातीत नव्हते असे लिहू नये.

किती विषाणू सुटले हे मोजण्यासाठी, मातीत नसलेल्या एखाद्या ओळखीच्या फेजचे मोजून घेतलेले द्रावण थोड्या मातीत मिसळावे, तासभर ठेवून वरील कृती करावी आणि किती परत मिळाले ते प्लाकच्या, म्हणजे प्लेटवरील जीवाणूंच्या थरात फेजमुळे पडणाऱ्या मोकळ्या ठिपक्यांच्या, संख्येवरून काढावे. हा परतावा टक्केवारीत नोंदवला नाही तर दोन मातींतील संख्यांची तुलना करता येत नाही.

संवर्धनाचा मार्ग

ज्या महाविद्यालयात जनुकक्रम वाचण्याची सोय नाही तेथेही विविधतेचा चांगला अभ्यास होऊ शकतो. त्यासाठी यजमान जीवाणू शक्यतो त्याच मातीतून घ्यावा. हरभऱ्याच्या मुळांवरील गाठींतून, गाठीचा पृष्ठभाग निर्जंतुक करून, यीस्ट-मॅनिटॉल आगरवर रायझोबियम गटातील जीवाणू मिळतात. बॅसिलस सबटिलिस आणि स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स हेही सोपे यजमान आहेत. ओळख निश्चित असलेले संवर्ध पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहातून मागवता येतात. भरिताच्या वांग्याला मर रोग आणणाऱ्या राल्स्टोनिया या जीवाणूवरील फेज शोधण्याचा मोह होतो आणि विषय मोलाचाही आहे, परंतु हा रोगकारक शेतात पोहोचू नये यासाठी प्रत्येक पेट्री डिश, माती आणि धुण्याचे पाणीही ऑटोक्लेव्ह करण्याची शिस्त असेल तरच तो हाती घ्यावा.

दुहेरी आगर पद्धतीत खालचा थर १.५ टक्के आगरचा आणि वरचा ०.५ ते ०.७ टक्के आगरचा असतो. वरचा आगर ४५ ते ५० अंशांवर वितळलेला ठेवून त्यात वाढीच्या भरात असलेल्या जीवाणूंचे ०.२ मिलिलिटर, पातळ केलेल्या अर्काचे ०.१ मिलिलिटर आणि अंतिम प्रमाण १ ते ५ मिलिमोलर होईल इतके कॅल्शियम क्लोराइड मिसळून लगेच ओतावे. मातीतील बहुतेक यजमानांसाठी २८ ते ३० अंश तापमान योग्य असते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे प्रयोगशाळेच्या खोलीचेच तापमान ४० अंशांपर्यंत जाते, त्यामुळे साध्या इन्क्युबेटरवर विसंबू नये. थंड करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटर लागतो.

संख्या काढण्याचे उदाहरण पाहू. अर्क १०० पट पातळ केला, त्यातील ०.१ मिलिलिटर वापरला आणि ४५ प्लाक आले, तर अर्काच्या एका मिलिलिटरमध्ये ४५,००० कण झाले. १० ग्रॅम मातीचा अर्क एकूण ३० मिलिलिटर असेल तर एका ग्रॅम ओल्या मातीत १,३५,००० कण येतात. मातीत वजनाच्या २० टक्के पाणी असेल तर ०.८ ने भागून कोरड्या मातीच्या एका ग्रॅममागे १,६८,७५० ही संख्या लिहावी आणि तिच्यापुढे परताव्याची टक्केवारी द्यावी. तीन वेळा द्रावण काढले असेल तर एकूण आकारमान बदलते, हे हिशेबात विसरू नये.

अर्कात यजमान व पोषक द्रव्य घालून रात्रभर वाढवण्याची, म्हणजे समृद्धीकरणाची, पद्धत लोकप्रिय आहे, कारण प्लाक हमखास मिळतात. विविधतेच्या अभ्यासात मात्र ती घातक आहे. लवकर वाढणारा एखादा फेज बाकीच्यांना मागे टाकतो आणि प्लेटवर त्याचीच संतती दिसते. म्हणून अर्क थेट प्लेटवर लावावा आणि वेगवेगळ्या आकाराचे, गढूळ व स्वच्छ, असे सर्व प्रकारचे प्लाक निवडावेत. प्रत्येक प्लाक किमान तीन वेळा एकेरी करून शुद्ध करावा. उरलेले जीवाणू मारण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरण्याची प्रथा आहे, पण स्निग्ध आवरण असलेले आणि तंतुमय फेज त्याने निष्क्रिय होतात. तेव्हा एक भाग क्लोरोफॉर्मविना, नुसता गाळून, ठेवावा.

शुद्ध फेजचा डीएनए काढून तो ईकोआरआय, हिंडथ्री यांसारख्या विकरांनी तोडला आणि आगारोज जेलवर पट्ट्या पाहिल्या, की कोणते फेज एकसारखे आणि कोणते वेगळे याचा पहिला अंदाज मिळतो. काही फेजच्या डीएनएतील बेस बदललेले असतात आणि विकरे ते तोडू शकत नाहीत. पट्ट्या न दिसणे म्हणजे प्रयोग फसला असे नाही, वेगळे विकर वापरून पाहावे.

थेट जनुकक्रमाचा मार्ग

मातीतील बहुतेक जीवाणू प्लेटवर वाढत नाहीत, म्हणून त्यांचे फेजही प्लेटवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी अर्कातील सर्व विषाणूंचा डीएनए एकत्र वाचावा लागतो. गाळलेल्या अर्कात १० टक्के पीईजी ८००० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) आणि १ मोलर मीठ घालून रात्रभर ४ अंशांवर ठेवावे, साका गोळा करावा आणि तो थोड्या बफरमध्ये विरघळवावा. त्यावर डीएनेज विकराची क्रिया करून मातीतील सुटा डीएनए नष्ट करावा आणि विकर निष्क्रिय केल्यानंतरच विषाणूंचे कवच फोडावे. मिळालेल्या डीएनएवर १६ एस या जीवाणूंत असणाऱ्या, विषाणूंत नसणाऱ्या जनुकाची पीसीआर (त्याच्या प्रती वाढवणारी चाचणी) करून पाहावी. ठळक पट्टी आली तर जीवाणूंचा डीएनए बराच शिल्लक आहे. माती न घालता केलेला एक कोरा नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत चालवावा.

हाती येणारा डीएनए फार थोडा असतो आणि तो वाढवण्याच्या इच्छेतच मोठा धोका आहे. फाय-२९ पॉलिमरेज हे डीएनएच्या प्रती करणारे विकर वापरून केलेली वाढ लहान, वर्तुळाकार, एकपदरी डीएनए कितीतरी अधिक प्रमाणात वाढवते. मायक्रोव्हिरिडी कुळातील फेज नेमके असेच असतात. त्याच कुळातील फाय-एक्स-१७४ चा ५,३८६ बेसांचा जनुकक्रम १९७७ साली फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने वाचला होता. स्फॅग्नम शेवाळाच्या पीटमध्ये मायक्रोव्हिरिडीची विलक्षण विविधता आढळली आहे आणि ते प्रकार तेथे आहेत यात शंका नाही. पण अशा वाढवलेल्या नमुन्यावरून ते 'सर्वाधिक संख्येने' आहेत असे म्हणता येत नाही. प्रकार किती आणि प्रत्येकाचे प्रमाण किती हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रमाण हवे असेल तर फाय-२९ टाळून, एकपदरी व द्विपदरी दोन्ही डीएनए स्वीकारणारी लायब्ररी (वाचनासाठी तयार केलेला डीएनए-तुकड्यांचा संच) बनवून घ्यावी आणि जनुकक्रम वाचून देणाऱ्या संस्थेला ही अट आधीच लेखी कळवावी. आरएनए असलेले फेज यांपैकी कोणत्याच पद्धतीत दिसत नाहीत. मातीत त्यांचीही विविधता मोठी आहे आणि त्यांच्यासाठी आरएनए वेगळा काढावा लागतो.

जनुकक्रमांचे वाचन

तुकडे जुळवण्यासाठी मेगाहिट, त्यांतून विषाणू ओळखण्यासाठी जीनोमॅड किंवा व्हिर्सॉर्टर-२ आणि जनुकसंच कितपत पूर्ण आहे हे तपासण्यासाठी चेकव्ही ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. प्रचलित संकेतानुसार १०,००० बेसजोड्यांहून लांब तुकडे घेतले जातात आणि ज्यांच्यात लहान तुकड्याच्या ८५ टक्के लांबीवर ९५ टक्के साम्य आहे ते एकाच समूहात, साधारणपणे एका जातीत, गणले जातात. येथे एक सापळा आहे. मायक्रोव्हिरिडीचा संपूर्ण जनुकसंचच ४ ते ७ हजार बेसांचा असतो, त्यामुळे १०,००० ची चाळण लावताच ते सगळे गळून पडतात. वर्तुळाकार पूर्ण जनुकसंच, लांबी कमी असली तरी, वेगळे काढून ठेवावेत. एखादा समूह नमुन्यात 'आहे' असे म्हणण्यासाठी त्याच्या किमान ७५ टक्के लांबीवर वाचने, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे, जुळलेली असावीत.

वर्गीकरण करताना जुन्या लेखांतील मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही कुळे आता वापरू नयेत. शेपटीच्या रूपावर आधारलेली ही कुळे २०२२ मध्ये अधिकृत वर्गीकरणातून रद्द झाली, कारण जनुकक्रमांनी त्या गटांचे नाते सिद्ध होत नव्हते. त्याऐवजी सामायिक जनुकांवरून जाळे उभारणारे व्हीकॉन्टॅक्ट हे साधन वापरावे. आपले बहुतेक समूह कोणत्याही ज्ञात फेजजवळ बसणार नाहीत आणि त्यांची बहुतांश जनुके 'कार्य अज्ञात' अशीच येतील. मातीच्या बाबतीत हे अपेक्षित आहे. संदर्भसंग्रहात आपल्यासारख्या काळ्या जमिनीचे फेज फार थोडे आहेत. यजमान ओळखण्यासाठी जीवाणूंच्या क्रिस्पर पट्ट्यांतील (पूर्वी हल्ला केलेल्या फेजच्या डीएनएचे तुकडे साठवणाऱ्या भागांतील) तुकडे फेजच्या क्रमाशी जुळवणे हा सर्वांत भरवशाचा पुरावा मानावा.

पीटच्या अभ्यासात सर्वाधिक चर्चा झाली ती फेजमधील कर्बोदके तोडणाऱ्या विकरांच्या जनुकांची. स्टोर्डालेनच्या फेजमधील असे एक विकर प्रयोगशाळेत बनवून ते खरोखर काम करते हेही दाखवले गेले. केळीची खोडे कापून बागेतच कुजवली जातात अशा आपल्या मातीत असली जनुके शोधणे रास्त आहे. परंतु असे जनुक फेजचे आहे असे लिहिण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना निर्विवाद विषाणू-जनुके आहेत का ते पाहावे. तुकड्याच्या अगदी टोकाला असलेले जनुक शेजारच्या जीवाणूचे असू शकते आणि केवळ क्रमावरून त्याचे कार्य सिद्ध होत नाही.

नोंदी आणि जतन

शुद्ध फेज ४ अंशांवर मॅग्नेशियमयुक्त बफरमध्ये बराच काळ टिकतात. दुसरी प्रत ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर ठेवावी, आणि वीजपुरवठा बेभरवशाचा असेल तर ती दुसऱ्या संस्थेत ठेवावी. माती किंवा फेज परदेशी सहकाऱ्याकडे पाठवण्यापूर्वी जैवविविधता कायदा, २००२ खालील मंजुरी पाहावी. जनुकक्रम जेनबँक या आंतरराष्ट्रीय जनुकक्रम-संग्रहात किंवा फरिदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात जमा करावेत आणि त्यांच्याबरोबर तालुका, अक्षांश-रेखांश, पीक, लागवडीचा महिना, पाणी देण्याची पद्धत, खोली, सामू, चुनखडी, ओलावा, वापरलेला बफर, गाळणीचे छिद्र आणि परताव्याची टक्केवारी हे सर्व रकाने भरून द्यावेत.